घरचा संगणक, व्हीसीआर आणि एक लग्नाची कॅसेट
(सुवर्णमहोत्सवी समारंभात केलेले भाषण)



महोत्सव समितीने आम्हांला जे पत्र पाठविले त्यात विषय दिला होता, 'संगणक आणि आपले विद्यार्थी'. आम्ही पडलो शाळामास्तर. बी.एस्‌सी., बी.एड. होऊन गेली बावीस वर्षे मुलांना गणित आणि विज्ञान शिकवीत आहोत, तेव्हा या विषयावर घटकाभर बोलणे आम्हांला जड जाऊ नये. परंतु नव्या संगणकाविषयी आमच्यापेक्षा आमचे विद्यार्थीच अधिक जाणतात, हे कबूल केलेले बरे. म्हणून समितीची क्षमा मागून आम्ही आज एका जुन्या संगणकाची हकिगत सांगणार आहोत. हा संगणक घरच्या टेलिव्हिजनला जोडावा लागे. त्यात केलेले काम टिकवून ठेवण्यासाठी एका रात्री आम्ही तो व्हीसीआरला, म्हणजे टेलिव्हिजनवरचे कार्यक्रम टिपून घेणाऱ्या यंत्राला, जोडला. त्या रात्री एक वस्तू जपली गेली आणि एक वस्तू कायमची गेली. जी जपली गेली ती आपल्या ट्रस्टची होती. जी गेली ती आमच्या घरची होती.

प्रथम त्या संगणकाविषयी दोन शब्द. विलायतेत सिंक्लेअर कंपनीने १९८२ साली 'झेडएक्स स्पेक्ट्रम' नावाचा एक लहानसा संगणक विक्रीस आणला. मोठ्या वहीएवढा त्याचा आकार. त्याला स्वतःचा पडदा नव्हता. घरचा टेलिव्हिजन हाच त्याचा पडदा. पुढे पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने तोच संगणक 'डीबी स्पेक्ट्रम' या नावाने आपल्या देशात विकला. सरकारने १९८४ साली शाळांतून संगणकशिक्षणाची 'क्लास' ही योजना सुरू केली होती खरी, पण ती निवडक शाळांपुरती. आमच्यासारख्या घरात संगणक आला तो पुण्याच्या मामूजानांच्या कृपेने. त्यांनी तो आमच्या थोरल्या भावासाठी, भाईजानांसाठी, आणला होता. भाईजान तेव्हा अठरा वर्षांचे, आणि आम्ही अकरा.

या यंत्राचा एक मोठा दोष होता. वीज गेली की त्याची स्मृती गेली. चार तास बसून लिहिलेले काम दिवा मिचकावताच नाहीसे होई, आणि उन्हाळ्यात आमच्या मोहल्ल्यातील दिवे किती मिचकावत हे इथल्या वडीलधाऱ्यांस सांगावयास नको. यावर उपाय म्हणून संगणकाच्या पाठीमागे दोन भोके होती. एकावर 'माइक' लिहिलेले, दुसऱ्यावर 'इअर'. 'माइक'मधून तार काढून साध्या टेपरेकॉर्डरला जोडायची आणि संगणकाला 'सेव्ह' अशी आज्ञा द्यायची, की तो आपले सर्व काम आवाजाच्या रूपाने कॅसेटवर उतरवून देई. परत हवे असेल तेव्हा कॅसेट वाजवायची, आवाज 'इअर'मध्ये सोडायचा, की काम पुन्हा पडद्यावर हजर.

विद्यार्थी विचारतात, आवाजात अक्षरे कशी मावतात? याचे उत्तर शाळेच्या घंटेत आहे. तास बदलताना शिपाई एक टोला देतो आणि शाळा सुटताना सारखी घंटा बडवतो. आपण न पाहताही अर्थ ओळखतो. संगणकाला दोनच खुणा पुरतात, शून्य आणि एक. स्पेक्ट्रममध्ये शून्याची लहर आखूड, सेकंदाला सुमारे दोन हजार कंपनांची; एकाची लहर तिच्या दुप्पट लांब, म्हणून कंपने निम्मी. अशा सुमारे दीड हजार खुणा एका सेकंदात कॅसेटवर जात. कानाला मात्र ती नुसती कर्कश किरकिर लागे. दादीजान तिला 'रातकिडे' म्हणत, आणि ते चालू झाले की तसबीह घेऊन दुसऱ्या खोलीत जात.

आता १९८९ सालच्या उन्हाळ्याकडे वळू. आपल्या ट्रस्टची पुस्तकपेढी तेव्हा नुकतीच वाढीस लागली होती. गरजू मुलांना वर्षभर पाठ्यपुस्तके द्यावयाची आणि परीक्षा झाल्यावर परत घ्यावयाची, असा तो उपक्रम. कोणते पुस्तक कोणाकडे आहे याचा हिशेब तीन वह्यांतून विखुरला होता आणि त्यावरून समितीत दरवर्षी वाद होई. अब्बा समितीत होते. भाईजानांनी मनावर घेतले की ही सगळी यादी आपण संगणकावर घालू. मुलाचे नाव टाकले की त्याची पुस्तके दिसतील, पुस्तकाचे नाव टाकले की मूल दिसेल. दोन दिवस ते मांडी घालून टेलिव्हिजनसमोर बसले. आम्ही वही धरून नावे वाचीत होतो. दुसऱ्या दिवशी रविवार होता. रात्री नऊच्या सुमारास यादी पुरी झाली, आणि नेमका त्याच वेळी घरच्या टेपरेकॉर्डरचा रबरी पट्टा तुटला.

दुकाने बंद. सोमवारी समितीची बैठक. आणि वीज केव्हा जाईल याचा भरवसा नाही. तेव्हा भाईजानांची नजर व्हीसीआरवर गेली. तो अब्बांनी १९८७ साली आपाच्या लग्नाच्या आधी घेतला होता. आवाज टिपणे हे व्हीसीआरचेही काम आहे, मग त्याच्यावर 'सेव्ह' का होऊ नये, असा त्यांचा विचार. विचार चुकीचा नव्हता. व्हीएचएस जातीच्या कॅसेटमधील फीत अर्धा इंच रुंद असते. चित्र तिच्यावर तिरक्या रेघांनी लिहिले जाते, आणि आवाजासाठी वरच्या कडेला एक बारीक पट्टी निराळी ठेवलेली असते. ती फीत साध्या कॅसेटच्या निम्म्या वेगानेच सरकते, त्यामुळे आवाज थोडा मळकट उमटतो. तरी संगणकाच्या दोन खुणा ओळखू येण्याइतका तो खास असतो.

घरात कोरी कॅसेट नव्हती. होती ती आपाच्या लग्नाची. परंतु आमच्या व्हीसीआरला 'ऑडिओ डब' नावाचे एक बटण होते. ते दाबले असता चित्र तसेच राहून केवळ आवाजाची पट्टी नव्याने लिहिली जाई. भाईजान म्हणाले, "लग्नाच्या फिल्ममध्ये आवाज कसला असतो? व्हिडिओवाल्याने सगळीकडे सिनेमाची गाणीच भरली आहेत. जेवणाच्या पंगतीवर एक गाणे गेले तर कोणाचे काय बिघडले?" त्यांनी कॅसेट पुढे नेऊन पंगतीची जागा शोधली. यंत्रावरच्या काट्यात आकडा होता ६१०. तो त्यांनी कागदावर लिहिला. मग टेलिव्हिजन व्हीसीआरवरून काढून संगणकाकडे लावला, कारण आज्ञा लिहायची तर पडदा संगणकाला हवा. घरात टेलिव्हिजन एकच. तेव्हापासून फितीवर कोणते चित्र चालले आहे हे दिसण्याची सोय राहिली नाही. भाईजान संगणकाशी बसले आणि व्हीसीआर त्यांनी आमच्या स्वाधीन केला.

येथून पुढचे आम्ही पस्तीस वर्षांहून अधिक काळ कोणास सांगितलेले नाही.

आम्ही 'ऑडिओ डब' दाबले तर बटण लागेना. कॅसेट बाहेर काढून पाहिली. व्हीएचएस कॅसेटच्या पाठीकडच्या कडेस प्लास्टिकचा एक चिमुकला तुकडा असतो. जपून ठेवायच्या कॅसेटचा तो तुकडा मोडून टाकतात, म्हणजे मग यंत्र तिच्यावर नवे काही लिहीत नाही. व्हिडिओवाल्याने तो मोडून दिला होता. त्याचा अर्थ आम्हांस ठाऊक होता. अब्बांनीच तो समजावून सांगितला होता. भाईजानांना सांगितले असते तर ते तेथेच थांबले असते. पण दोन दिवसांची मेहनत वाया जाईल आणि बटण दाबण्याचा मान हातचा जाईल, या दोन भीतींनी आम्ही गप्प बसलो. वह्यांना लावायची चिकटपट्टी घेतली, त्या भोकावर चिकटवली आणि कॅसेट आत सारली.

कॅसेट काढून पुन्हा घातली की त्या यंत्राचा आकडा शून्यावर येत असे. फीत होती तेथेच होती, पंगतीवर. परंतु काट्यात दिसत होते शून्य. भाईजानांनी विचारले, "सहाशे दहावर आहे ना?" आम्ही म्हटले, "आणतो." आणि फीत आणखी सहाशे दहा आकडे पुढे नेली. मग म्हटले, "तयार."

भाईजानांनी 'सेव्ह' लिहिले. पडद्याच्या कडेला लाल-निळे पट्टे धावू लागले. काम सोळा किलोबाइटचे होते, म्हणजे सुमारे दीड मिनिटाचे. जाणते लोक प्रत्येक काम दोनदा सेव्ह करीत, कारण फितीवर एखादा डाग असला तर पहिली प्रत फुकट जाते. म्हणून त्यांनी दुसरी प्रतही घेतली. सारी मिळून सव्वातीन मिनिटे. मग फीत मागे आणून 'व्हेरिफाय' ही आज्ञा दिली. या आज्ञेने संगणक फितीवरचे लिखाण आपल्या स्मृतीतल्या लिखाणाशी अक्षरशः ताडून पाहतो. व्हीसीआरचा आवाज 'इअर'ला कमी पडत होता, तेव्हा जुन्या रेकॉर्ड प्लेयरचा अ‍ॅम्प्लिफायर मध्ये घालावा लागला. तिसऱ्या खेपेस पडद्यावर 'ओके' उमटले. आम्हां दोघांना एवढा आनंद झाला की अम्मींनी उठून दोघांस सरबत करून दिले.

सोमवारी टेपरेकॉर्डरला नवा पट्टा बसला, यादी साध्या कॅसेटवर गेली, आणि समितीने भाईजानांची पाठ थोपटली. लग्नाची कॅसेट कपाटात परत गेली. तिच्यावरची चिकटपट्टी आम्ही गुपचूप काढून टाकली होती.

जुलैमध्ये बकरी ईद आली. आपा बाळाला घेऊन माहेरी आली होती. दुपारच्या जेवणानंतर सगळे म्हणाले, लग्नाची फिल्म लावा. पंगत गेली, गाणी गेली, आणि रुखसतीचा प्रसंग आला.

आमचे दादाजान खानदेशातून मिलमध्ये कामाला म्हणून इंदूरला आले आणि इथलेच झाले. बोलणे त्यांचे फार कमी. रुखसतीच्या वेळी मात्र आपाच्या डोक्यावर हात ठेवून ते तीन मिनिटे बोलले होते. व्हिडिओवाला शहाणा माणूस. साऱ्या फिल्ममध्ये तेवढ्या एकाच जागी त्याने गाणे भरले नव्हते. १९८८ च्या पावसाळ्यात दादाजान वारले. त्यांचा आवाज आमच्या घरात दुसरा कोठेही नव्हता.

पडद्यावर दादाजान आले. त्यांनी हात वर केला, ओठ हलू लागले, आणि त्यांच्या मुखातून रातकिडे ओरडू लागले.

सव्वातीन मिनिटे ते चालले. कोणी यंत्र बंद केले नाही. दादीजान पुढे सरकून बसल्या होत्या. शेवटी त्या एवढेच म्हणाल्या, "हे तर त्या पोरांच्या मशीनचे आहे."

अब्बांनी भाईजानांना बाहेर बोलावले. भाईजानांनी सांगितले की जागा निवडली ती मी, आज्ञा दिली ती मी, चूक माझी. आमच्याकडे त्यांनी पाहिलेही नाही. आपले आकडे बरोबर असताना फीत तेथे कशी गेली याचा त्यांना कधीच उलगडा झाला नाही. अब्बा रागावले नाहीत. रागावले असते तर बरे झाले असते. त्यांनी पुन्हा कधी ती फिल्म लावली नाही.

दादाजान काय बोलले ते लिहून ठेवावे असे मग ठरले. आपा म्हणाली, त्यांनी सांगितले की सासरच्या माणसांच्या आधी जेवू नकोस. अम्मी म्हणाल्या, नाही, ते म्हणाले की उपाशी मात्र राहू नकोस. दादीजानांच्या मते त्यांनी या दोन्हींपैकी काही न सांगता आपल्या आईची आठवण काढली होती. तिन्ही बायका दोन हातांवर उभ्या होत्या आणि तिघींना निरनिराळे आठवत होते. दोन वर्षांपूर्वीचे बोलणे! माणसाची स्मृती ही अशी आहे, म्हणून तर आपण यंत्राकडे जातो.

आमच्यासारखी चूक मोठ्या मोठ्यांच्या हातून झाली आहे. १९६९ साली माणूस चंद्रावर उतरला, त्या वेळी तेथून आलेले मूळ संकेत ज्या फितींवर घेतले होते त्या फितींचा अमेरिकेच्या 'नासा'ने पुढे कसून शोध केला. २००९ साली त्यांनी जाहीर केले की त्या बहुधा पुसून दुसऱ्या कामी वापरल्या गेल्या. फितींचा तुटवडा होता आणि नवे काम समोर होते. आमच्या घरचेच कारण! जग ती दृश्ये आजही पाहते, ते टेलिव्हिजन केंद्रांकडे त्यांच्या प्रती उरल्या होत्या म्हणून. आपल्या इंदूर घराण्याचे उस्ताद अमीरखाँसाहेब १९७४ साली गेले. त्यांचे गाणे आज आपण ऐकतो तेही रेकॉर्डींच्या प्रती घरोघरी गेल्या आणि आकाशवाणीकडे ध्वनिमुद्रणे राहिली म्हणून.

संगणकाला व्हीसीआर जोडणे हा मात्र पोरखेळ नव्हता, हेही सांगितले पाहिजे. सोनी कंपनीने १९७७ साली संगीताचे आकड्यांत रूपांतर करून ते व्हीसीआरवर साठविणारे यंत्र विकावयास काढले. पुढे १९८२ साली आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कमध्ये आवाजाचे सेकंदाला ४४,१०० नमुने घेतात. हा विचित्र आकडा व्हीसीआरच्याच हिशेबातून आला आहे. विद्यार्थ्यांनी करून पाहावा: चित्राच्या एका रेघेत ३ नमुने, अशा २४५ रेघा, आणि सेकंदाला ६० वेळा. रशियात तर १९९० च्या दशकात 'आर्विद' नावाचे एक कार्ड संगणकात बसवून तीन तासांच्या एका व्हिडिओ कॅसेटवर दोन गिगाबाइटपर्यंत मजकूर ठेवीत. विद्या खरी होती. चूक विद्येची नव्हती.

मग चूक कशाची? आम्ही शिक्षक झाल्यापासून यावर पुष्कळ विचार केला आहे. त्या रात्री यंत्राने पडताळणी केली आणि 'ओके' म्हटले. ते खोटे बोलले नाही. आपण नवे जे लिहिले ते बरोबर लिहिले गेले की नाही, एवढेच यंत्र सांगते. ते लिहिण्यासाठी खालचे काय पुसले गेले, ते कोणाचे होते, त्यास विचारले होते काय, हे यंत्र सांगत नाही. ते माणसाने पाहायचे असते. आणि पाहण्यासाठी प्लास्टिकचा तो तुकडा कोणीतरी मोडून ठेवला होता. चिकटपट्टी यंत्राला फसवू शकली, आम्हांला तिने फसविले नव्हते.

आता शेवटचा भाग. २०२१ साली, महामारीत शाळा बंद असताना, आम्ही ती कॅसेट बाहेर काढली. व्हीसीआर बनविणारी शेवटची मोठी जपानी कंपनीही २०१६ साली ते काम बंद करून मोकळी झाली होती. चालू स्थितीतले यंत्र मिळवायला चार महिने लागले. फितीला बुरशी चढली होती. ती हलक्या हाताने साफ करून चित्र व आवाज नव्या संगणकावर उतरवून घेतले. दादाजानांचा आवाज त्याखाली कोठे शिल्लक असेल काय, हे आम्ही सर्व उपायांनी पाहिले. काही नव्हते. हाय-फाय जातीच्या व्हीसीआरमध्ये आवाज चित्राच्याच रेघांत लिहिला जाई आणि 'ऑडिओ डब'ने पुसला जात नसे. आमचे यंत्र त्या जातीचे नव्हते.

मग आम्ही ते रातकिडे ऐकले. जुन्या स्पेक्ट्रमची हुबेहूब नक्कल करणारी प्रणाली आज कोणत्याही संगणकावर चालते. तिच्यात तो आवाज सोडला. पहिली प्रत बुरशीने खाल्लेली, 'टेप लोडिंग एरर' दाखवून थांबली. दुसरी प्रत मात्र पुरी उतरली. जिने दादाजानांचे शेवटचे दीड मिनिट घेतले, तीच. पडद्यावर पुस्तकपेढीची यादी आली: अडुसष्ट मुले आणि त्यांची पुस्तके. ट्रस्टच्या त्या वर्षीच्या तीन वह्या पुढे एका पावसाळ्यात भिजून गेल्या, आणि भाईजानांनी केलेली साधी कॅसेट केव्हाच हरवली. त्यामुळे ती यादी आज जगात एवढ्या एकाच जागी आहे. त्या अडुसष्टांपैकी काहीजण आज या सभागृहात बसले आहेत. कोणाकडे भूमितीचे पुस्तक परत करावयाचे राहिले होते, तेही आम्हांला ठाऊक आहे.

ती यादी छापून आम्ही आज ट्रस्टच्या स्वाधीन करीत आहोत. त्याबरोबर विश्वस्तांस तीन विनंत्या आहेत. ट्रस्टच्या कपाटात रौप्यमहोत्सवाच्या कॅसेट पडून आहेत. यंत्रे मिळत आहेत तोवर त्या नव्या साधनांवर उतरवून घ्याव्यात. प्रत्येक प्रत निदान तीन निरनिराळ्या घरी असावी, आणि आत काय आहे ते बाहेर शाईने लिहिलेले असावे. तिसरी विनंती घरोघरच्या मंडळींस आहे. वडीलधाऱ्यांचा आवाज आज मोबाईलवर टिपून घ्यावा आणि जागा भरली म्हणून काही पुसण्यापूर्वी घरात एकदा मोठ्याने विचारावे, हे कोणाला हवे आहे काय? आमच्या शाळेतील मुलांना आम्ही हाच प्रश्न शिकवितो. संगणकाच्या पुस्तकात तो नाही.

भाईजान आणि आपा समोर बसले आहेत. भाईजान, ६१० हा आकडा तुमचा बरोबर होता. फीत आम्ही पुढे नेली, आणि चिकटपट्टीही आम्हीच लावली. हे अब्बांना सांगावयाचे राहून गेले. निदान तुम्हांला सांगावयाचे राहू नये, एवढ्यासाठी आम्ही समितीचा विषय बदलून घेतला.